प्लग-इन हायब्रिड घेण्याआधी पार्किंगची भिंत बघा

जवळजवळ दोन टन वजनाची कौटुंबिक एसयूव्ही १०० किलोमीटरला जेमतेम दीड लिटर पेट्रोल घेते, असं प्लग-इन हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाशिवाय सॉकेटवर चार्ज होणारी बॅटरीही असलेल्या गाडीच्या, माहितीपत्रकात छापलेलं असतं. हा आकडा कंपनीनं मनानं लिहिलेला नसतो. तो अधिकृत चाचणीतून, ठरलेल्या सूत्रानं येतो. गोम आहे ती त्या सूत्रात. समजा, बॅटरी संपल्यावर ही गाडी १०० किलोमीटरला ७ लिटर पेट्रोल घेते. सूत्र असं धरून चालतं की गाडीची ८० टक्के धाव विजेवरच होणार. उरले २० टक्के. ७ लिटरचा पाचवा हिस्सा म्हणजे १.४ लिटर, आणि तोच आकडा माहितीपत्रकावर जातो. मालकानं गाडी रोज चार्ज केली तर त्याचं पेट्रोल याहूनही कमी लागेल. कधीच केली नाही, तर सरळ ७ लिटर.

म्हणून साधी हायब्रिड घ्यावी की प्लग-इन, या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये सापडत नाही. गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथे भिंतीवर भरवशाचं सॉकेट आहे का आणि रोजची धाव किती, या तीन गोष्टी माहीत झाल्या की निम्म्याहून अधिक निर्णय झालेला असतो. सरकारं मात्र करसवलत देताना या तिन्हींपैकी एकही विचारत नाहीत. ती गाडीचा प्रकार बघतात, कागदावरचा आकडा बघतात आणि सवलत देऊन मोकळी होतात. खरेदीदाराची फसगत आणि सार्वजनिक पैशाचा अपव्यय, दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून दोन्हींचा विचार इथे एकत्र केला आहे.

आधी शब्दांबद्दल थोडं. इथे साधी हायब्रिड म्हणजे जिला स्ट्राँग हायब्रिड म्हणतात ती. एक ते दीड युनिट क्षमतेची छोटी बॅटरी, गाडी काही अंतर एकटीनं ओढू शकेल अशी मोटर आणि पेट्रोल इंजिन. ती बॅटरी इंजिनाकडून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून भरते. बाहेरून चार्ज करायची सोयच नसते. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड वेगळी. तिची छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, त्यामुळे ती या तुलनेत येतच नाही. प्लग-इनमध्ये बॅटरी १२ ते २५ युनिटची असते आणि एका चार्जवर ४० ते १०० किलोमीटर निव्वळ विजेवर जाता येतं. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचं तेच युनिट, एक किलोवॅट-तास.

कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत किती अंतर आहे, हे आता अंदाजानं सांगायची गरज उरलेली नाही. युरोपात २०२१पासून पेट्रोल-डिझेलच्या आणि प्लग-इन अशा प्रत्येक नव्या मोटारीत इंधनाच्या आणि विजेच्या प्रत्यक्ष वापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगानं २०२४मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. प्लग-इन हायब्रिडचं निघालं सरासरी साडेतीन पट. त्याआधी २०२२मध्ये इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं केलेल्या अभ्यासातही असंच दिसलं होतं. खासगी मालकांच्या प्लग-इन गाड्यांची ४५ ते ४९ टक्के धाव विजेवर होत होती, तर कंपनीनं कर्मचाऱ्याला दिलेल्या गाड्यांची फक्त ११ ते १५ टक्के.

या दोन गटांतला फरक नीट बघण्यासारखा आहे. यंत्र तेच, बॅटरी तीच. पण कंपनीच्या गाडीचं पेट्रोल कंपनीच्या कार्डावर भरलं जातं आणि घरच्या विजेचं बिल कर्मचाऱ्याला स्वतः भरावं लागतं. अशा वेळी रात्री केबल लावायला कोण उतरेल? गाडी कंपनीनं घेतली ती करसवलतीसाठी, आणि चार्जिंगची केबल कित्येकदा डिकीत पिशवीतच राहिली. दोष यंत्राच्या माथी मारून चालणार नाही. ज्याला चार्ज करण्यात काही फायदा नाही, तो चार्ज करत नाही, एवढंच.

आता खर्चाचं गणित. ते कुठल्याही देशात, कुठल्याही भावाला लागू पडावं म्हणून पैशांत न मांडता लिटर आणि युनिटमध्ये मांडू. उदाहरणाला टोयोटाच्या रॅव्ह-४ची पाचवी पिढी सोयीची आहे, कारण एकच गाडी साध्या हायब्रिडमध्येही आली आणि १८.१ युनिटच्या बॅटरीसह प्लग-इनमध्येही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या चाचणीत साधी हायब्रिड लिटरला साधारण १७ किलोमीटर जाते. प्लग-इन एका चार्जवर ६८ किलोमीटर जाते आणि बॅटरी संपल्यावर लिटरला १६ किलोमीटरच्या थोडी वर. विजेवर १०० किलोमीटरला सॉकेटमधून साधारण २२.४ युनिट खेचले जातात. चार्जिंग करताना उष्णतेत जाणारी वीज यात धरलेली आहे. बरेच जण फक्त गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा घेतात आणि तिथेच हिशेब चुकतो, कारण मीटरवर पडणारे युनिट त्याहून दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त असतात.

म्हणजे १०० किलोमीटरला एकीकडे ५.९ लिटर पेट्रोल, दुसरीकडे २२.४ युनिट वीज. भागाकार केला की ३.८ येतात. लक्षात ठेवायचा आकडा हा: एका लिटर पेट्रोलच्या पैशात तुम्हाला चार युनिटांहून कमी वीज मिळत असेल, तर विजेवर चालवून साध्या हायब्रिडपेक्षा एक पैसाही वाचत नाही. घरच्या दरानं बहुतेक ठिकाणी याहून बरेच जास्त युनिट मिळतात. सार्वजनिक चार्जरवर हे गणित कित्येकदा चारच्या आसपास घुटमळतं, काही ठिकाणी खालीही जातं. म्हणूनच ज्याचं चार्जिंग सार्वजनिक ठिकाणीच होणार आहे, त्यानं प्लग-इनच्या वाटेला जाऊ नये असं मी ठामपणे म्हणतो.

वर्षाचा हिशेब मांडू. रोज ३६ किलोमीटर, वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर विजेवर. शिवाय लांबचे प्रवास ६,००० किलोमीटर, ते बॅटरी संपलेल्या अवस्थेतच धरू. साध्या हायब्रिडला ९,००० किलोमीटरसाठी सुमारे ५३० लिटर लागले असते. प्लग-इनला त्याऐवजी २,०१६ युनिट लागतात. लांबच्या प्रवासात प्लग-इन वर्षाला १८ लिटर जास्त घेते. आता एका लिटरच्या पैशात ८ युनिट मिळत असतील तर २,०१६ युनिट म्हणजे २५२ लिटर. निव्वळ बचत वर्षाला २६० लिटरच्या आसपास. १२ युनिट मिळत असतील तर साधारण ३४५ लिटर. चारच मिळत असतील तर बचत आठ-दहा लिटरांची, म्हणजे नसल्यासारखीच. दोन्ही गाड्यांच्या किमतींतला फरक लिटरच्या भावानं भागा, म्हणजे तो फरक किती लिटर पेट्रोलचा आहे ते कळेल. मग त्याला वर्षाच्या बचतीनं भागा, म्हणजे फिटायला किती वर्षं लागतील ते कळेल. उत्तर सात-आठ वर्षांच्या आत आलं तर पुढे विचार करावा. बारा-पंधरा आलं तर पैसे वाचवणं हे कारण तरी स्वतःला सांगू नये. आणि हीच गाडी १५,००० किलोमीटर एकदाही चार्ज न करता चालवली, तर ती साध्या हायब्रिडपेक्षा वर्षाला ४५ लिटर जास्तच पेट्रोल घेईल.

रोजची धाव किती, हे ठरवताना सरासरी फसवी ठरते. आठवड्यात चार दिवस २० किलोमीटर आणि एक दिवस १५० असेल तर सरासरी ४६ येते, आणि ६८ किलोमीटरच्या पल्ल्यात सगळं बसतं असं वाटतं. प्रत्यक्षात पाचव्या दिवशीचे ८० किलोमीटरांहून जास्त पेट्रोलवरच होतात. दोन-तीन आठवडे रोजचं वाचन वहीत लिहून काढलं की खरं चित्र दिसतं. पल्लाही छापील आकड्याएवढा मिळत नाही. हमरस्त्यावर ताशी ११० किलोमीटरला तो पाव ते तिसऱ्या हिश्शानं घटतो. कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त.

चार्जिंगच्या जागेबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळ्यांत जास्त हलगर्जी इथे होते. २३० व्होल्टच्या सॉकेटमधून १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. वरच्या गाडीची बॅटरी पूर्ण भरायला सॉकेटमधून १५ युनिटांहून थोडे जास्त लागतात (१८.१ युनिटांचा काही भाग गाडी कायम राखून ठेवते), म्हणजे साडेसहा-सात तास. रात्रभरात आरामात होतं. प्लग-इनची खरी सोय हीच, महागडा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा खास चार्जर, लागतोच असं नाही. पण सलग सात तास १० अँपिअर ओढणं हे घरातल्या इतर कुठल्याही उपकरणापेक्षा वेगळं काम आहे. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधूनमधून बंद-चालू होत राहते. चार्जिंग थांबत नाही. सॉकेटच्या आतली पितळी पकड जराशी सैल असेल किंवा स्क्रू पूर्ण आवळलेला नसेल, तर तिथे रोध वाढतो, जागा तापते, तापल्यानं पकड आणखी सैल होते आणि काही आठवड्यांत प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी होतं. म्हणून मीटरपासून थेट स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी, मोजून तपासलेलं अर्थिंग आणि औद्योगिक दर्जाचं सॉकेट, एवढं करून घ्यायलाच हवं. १६ अँपिअरच्या जोडणीला तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर, अंतर जास्त असेल तर ४ची. ३२ अँपिअरच्या वॉलबॉक्सला सहसा ६ची. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. गुंडाळलेल्या केबलमधून तर नकोच, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू होऊन तासाभरानं प्लगच्या पाठीवर हात ठेवून बघावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवून वायरमनला बोलवावं.

आणि 'सार्वजनिक फास्ट चार्जरवर अर्ध्या तासात भरून घेऊ' ही समजूत बहुतेक प्लग-इन गाड्यांबाबत चुकीची आहे. वेग ठरवतो तो गाडीतला चार्जर. तो ३.३ किंवा ७ किलोवॅटचा असेल तर बाहेर कितीही मोठा खांब उभा असला तरी गाडी तेवढंच घेणार. ३.३ किलोवॅटला तासाभरात जेमतेम १५ किलोमीटरची वीज भरते. गाडीतल्या चार्जरला वळसा घालून थेट बॅटरी भरणाऱ्या डीसी चार्जिंगचा पिन मित्सुबिशी आउटलँडरसारख्या काही गाड्यांत पहिल्यापासून आहे, फोक्सवॅगन टिगुआनच्या नव्या प्लग-इनमध्येही आहे. पण ही सोय सरसकट मिळेल असं धरून चालू नये.

वजन आणि जागा हा भाग लोक विकत घेतल्यानंतर शोधतात. रॅव्ह-४मध्ये दोन प्रकारांच्या वजनातला फरक दोनशे किलोंहून जास्त आहे, म्हणजे तीन मोठी माणसं कायम गाडीत बसल्यासारखंच. टायर, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक यांवर तो भार रोज पडतो, आणि प्रवासी व सामान मिळून किती वजन न्यायला परवानगी आहे, तो आकडाही त्यामुळे घटू शकतो. ह्युंदाई टुसॉनच्या युरोपातल्या साध्या हायब्रिडमध्ये ६१६ लिटरची डिकी आणि ५२ लिटरची टाकी. प्लग-इनमध्ये डिकी ५५८ आणि टाकी ४२ लिटरची. दहा लिटर टाकी कमी म्हणजे लांबच्या प्रवासात सुमारे दीडशे किलोमीटर आधी पंपावर थांबणं आलं. स्टेपनी कित्येक प्लग-इनमध्ये मिळतच नाही, तिच्या जागी पंक्चरचं द्रव्य आणि छोटा पंप असतो. तिसऱ्या रांगेची गरज असेल तर आधी विचारून घ्यावं. बीएमडब्ल्यू एक्स-५सारख्या गाडीतही प्लग-इन घेतली की सात सीटचा पर्याय उरत नाही.

आता इंजिनाबद्दल, कारण प्लग-इन विकताना 'इंजिन क्वचितच चालेल' हे गुण म्हणून सांगितलं जातं आणि त्यातले तोटे कोणी सांगत नाही. इंजिन थंड असताना सिलिंडरच्या भिंतींवर पेट्रोलचा काही अंश न जळता राहतो, पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. जळणातून तयार होणारी वाफही ऑइलमध्ये उतरते. इंजिन अर्धा तास सलग तापलेलं चाललं की दोन्ही उडून जातात. पण प्लग-इनमध्ये इंजिन ओव्हरटेक करताना दोन मिनिटं चालू होतं, मग बंद. हीटर लावला की चार मिनिटं, मग बंद. असं महिनोन्‌महिने चाललं की ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते, हुंगलं तर पेट्रोलचा वास येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर ते साचलेलं पाणी. थंड इंजिनावर एकदम पूर्ण भार पडणं हेही वाईटच. हमरस्त्यावर शिरताना पाय दाबला, मोटर एकटी पुरेना, की काही सेकंदांपूर्वी थंडगार असलेलं इंजिन थेट वरच्या फेऱ्यांवर जातं. त्या वेळी धूर साफ करणारा उत्प्रेरकही थंड असतो, त्यामुळे धूर सर्वांत घाणेरडा तेव्हाच निघतो.

उपाय सोपे आहेत. दोन-तीन आठवड्यांतून एकदा हायब्रिड मोड लावून अर्धा तास गावाबाहेर सलग चालवणं. ऑइल किलोमीटर मोजून न बदलता मुदतीनुसार बदलणं, मग इंजिन हजारच किलोमीटर चाललेलं असलं तरी. पेट्रोलही शिळं होतं; त्यातले हलके घटक उडतात, उरलेल्याचा डिंकासारखा साका बनतो. रोज विजेवरच फिरणाऱ्यानं टाकी काठोकाठ भरून वर्षभर ठेवू नये, अर्धी ठेवावी आणि वापरत राहावं. ही वाफ हवेत जाऊ नये म्हणून प्लग-इनच्या टाक्या बहुधा दाब सहन करणाऱ्या, बंदिस्त असतात. म्हणून पंपावर झाकणाचं बटण दाबल्यावर दाब उतरेपर्यंत काही सेकंद थांबावं लागतं. घाईत पुन्हा पुन्हा बटण दाबलं म्हणून ते लवकर उघडत नाही.

थंड प्रदेशात राहणाऱ्यानं एकच प्रश्न विचारावा: हीटर कशावर चालतो? उष्णता पंप असेल तर उत्तम. विजेची कॉइल असेल तर पल्ला कमी होईल, पण इंजिन तरी गप्प राहील. यांपैकी काहीच नसेल तर काच साफ करण्यासाठी गरम हवा मागितली की इंजिन सुरू होतं, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असूनही सकाळचे पाच किलोमीटर पेट्रोलवरच जातात. ह्युंदाईच्या काही प्लग-इनमध्ये हे असंच होतं. माहितीपत्रकात हा तपशील सहसा सापडत नाही. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी तापमान कमाल करून बघावं, दोन मिनिटांत कळतं.

साधी हायब्रिड या सगळ्यातून सुटलेली आहे, कारण तिचं इंजिन रोज चालतं, रोज तापतं. पण तिची स्वतःची दुखणी आहेत. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि पंखा केबिनमधलीच हवा ओढून तिला थंड करतो. त्या हवेची जाळी सीटच्या पायथ्याशी, कडेला असते. कुटुंबाच्या गाडीत तिथे मुलांचं दप्तर टेकलेलं असतं, चादर लोंबत असते, कुत्र्याचे केस आणि बिस्किटांचा चुरा अडकलेला असतो. जाळी तुंबली की बॅटरी तापते, तापली की मोटरची मदत कमी केली जाते, ॲव्हरेज घसरतं आणि बॅटरीचं आयुष्यही. दर सर्व्हिसिंगला ती जाळी काढून साफ करायला सांगावं आणि केली की नाही ते बघावं. दहा मिनिटांचं काम आहे. दोन्ही प्रकारांत १२ व्होल्टची साधी बॅटरी वेगळी असतेच. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. मोटरच बहुतेक ब्रेकिंग करते म्हणून ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, हेही दोन्हींत सारखंच.

घाटात मात्र दोघींचा स्वभाव वेगळा दिसतो. दोन टन वजनाची गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा साडेपाच युनिट ऊर्जा मोकळी होते. चाकांचं घर्षण, हवेचा रोध आणि रूपांतरातली तूट वजा करून अडीच-तीन युनिट बॅटरीत परत येऊ शकतात. साध्या हायब्रिडच्या बॅटरीचा वापरता येणारा भाग पाऊण युनिटाचा असतो. तो पहिल्या काही वळणांत भरतो आणि उरलेली उतरण इंजिन ब्रेकिंगवर करावी लागते, इंजिन गुरगुरतं. प्लग-इन ते सगळं गिळते, फक्त बॅटरी माथ्यावरच पूर्ण भरलेली नसली पाहिजे. डोंगराळ भागात रोज ये-जा असेल तर प्लग-इनच्या बाजूनं हा मोठा मुद्दा आहे. चढताना मात्र बॅटरी राखून ठेवणारा मोड वापरावा. इंजिन चालवून बॅटरी भरणारा मोड टाळावा. ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या युरोपीय संघटनेनं २०२०मध्ये बीएमडब्ल्यू एक्स-५, व्होल्वो एक्ससी-६० आणि मित्सुबिशी आउटलँडर या तीन प्लग-इन एसयूव्ही रस्त्यावर तपासून घेतल्या, तेव्हा त्या मोडमध्ये उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या ३ ते १२ पट निघालं.

पर्यावरणाच्या बाजूनं प्लग-इन आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ५.९ लिटरचा साडेतेरा किलो. तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून आणणं धरलं तर सतराच्या जवळपास. तेवढंच अंतर २२.४ युनिटांत कापायचं तर युनिटमागे उत्सर्जन ७५० ग्रॅमच्या आत असायला हवं, तरच फायदा. निव्वळ कोळशाच्या विजेला ते ९०० ग्रॅम ते एक किलो असतं. म्हणजे कोळशावर चालणाऱ्या ग्रिडवर मध्यरात्री चार्ज केलेली प्लग-इन साध्या हायब्रिडपेक्षा जास्त कार्बन सोडते. जलविद्युत, वारा, सूर्य, अणुऊर्जा यांचा वाटा मोठा असेल तिथे ती चार-पाच पटीनंही स्वच्छ ठरू शकते. गर्दीच्या रस्त्यावर, शाळेच्या दारात धूर न सोडणं हा फायदा मात्र वीज कुठूनही आली तरी मिळतो, आणि तो लहान नाही.

साध्या हायब्रिडच्या बाजूनं टोयोटानं मांडलेलं एक गणित २०२३मध्ये गाजलं: लांब पल्ल्याच्या एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला लागणाऱ्या खनिजांत ६ प्लग-इन किंवा ९० साध्या हायब्रिड बनतात. ते मांडणाऱ्या कंपनीचा धंदा हायब्रिडवर उभा आहे, हे विसरू नये. आणि हायब्रिड कितीही चांगली असली तरी तिचा प्रत्येक किलोमीटर शेवटी पेट्रोलवरच होतो, हेही विसरू नये. पण त्या गणितात एक गोष्ट खरी आहे: बॅटरी तिथे घालावी जिथे ती वापरली जाईल. न चार्ज होणाऱ्या प्लग-इनमधली १८ युनिटची बॅटरी हे खाणीतून काढलेलं, कारखान्यात शिजवलेलं आणि जन्मभर फुकट वाहून नेलेलं वजन आहे.

सवलतींचा प्रश्न इथे येतो. जर्मनीनं प्लग-इन हायब्रिडच्या खरेदीवरचं अनुदान २०२२च्या अखेरीस बंद केलं. युरोपीय संघानं सूत्र बदललं: विजेवरची धाव किती धरायची हे ठरवणारा स्थिरांक आधी ८०० किलोमीटर होता, तो आता २,२०० केला आहे आणि पुढच्या टप्प्यात ४,२६० होणार आहे. हा स्थिरांक जितका मोठा, तितकी विजेवरची धाव कमी धरली जाते. त्यामुळे गाडी तीच राहून तिचा कागदावरचा आकडा दुपटीहून जास्त होऊ शकतो. दोन्ही पावलं योग्य दिशेची आहेत, तरी अर्धवट आहेत. सूत्र कितीही सुधारलं तरी ते सरासरी मालकाचं असतं. रोज चार्ज करणाऱ्यावर त्यात अन्याय होतो आणि कधीच न करणाऱ्याला फुकटची मोकळीक मिळते. वर सांगितलेल्या नोंद-यंत्रणेत प्लग-इनचे विजेवरचे किलोमीटर, एकूण किलोमीटर आणि सॉकेटमधून घेतलेले युनिट, तिन्ही साठवलेले असतात. वार्षिक तपासणीच्या वेळी ते वाचता येतात. मग सवलत खरेदीच्या दिवशी एकरकमी न देता त्या नोंदीवर द्यावी: वर्षाची निम्म्याहून जास्त धाव विजेवर झाली तर रस्तेकरात सूट, नाही तर साध्या पेट्रोल गाडीएवढाच कर. कंपन्यांच्या गाड्यांना तर ही अट पहिल्या दिवसापासून लावावी. कर्मचाऱ्याला घरच्या चार्जिंगचे पैसे परत मिळण्याची सोय त्याच नियमात हवी, नाहीतर केबल पिशवीतच राहील.

यावर आक्षेप येतो की ही पाळत झाली. गाडी कुठे गेली, कधी गेली, हे सरकारला कळायचं कारणच नाही आणि कळूही नये. लागतात ते फक्त तीन एकूण आकडे, जसे विजेच्या मीटरवरचे असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्यांच्याकडे स्वतःची पार्किंग नाही, त्यांना ही सवलत कधीच मिळणार नाही. ते खरं आहे, आणि त्याचं उत्तर सूत्र सैल करण्यात नाही. इमारतीच्या सामाईक पार्किंगमध्ये भाडेकरूलाही स्वतःच्या मीटरवरून सॉकेट घेण्याचा कायदेशीर हक्क मिळाला पाहिजे आणि सवलतीवरचा पैसा आधी त्या वायरिंगवर खर्च झाला पाहिजे. एकदा ओढलेली वायर पुढच्या तीन गाड्यांना पुरते, मग त्या प्लग-इन असोत की पूर्ण इलेक्ट्रिक.

हे नियम येईपर्यंत प्लग-इन वापरलेली घेणाऱ्यानं तेच आकडे स्वतः मागावेत. निदान-यंत्र जोडून विजेवरची धाव, सॉकेटमधून घेतलेले युनिट आणि बॅटरीची उरलेली क्षमता छापून घ्यावी. केबल डिकीतून बाहेर काढून बघावी. पाच वर्षांच्या गाडीत ती कारखान्याच्या वेष्टणासकट निघाली तर सगळे किलोमीटर इंजिनावर झाले आहेत असं समजून किंमत करावी. उलट विजेवरची धाव ८० टक्के असेल तर बॅटरीच्या आवर्तनांकडे, म्हणजे ती किती वेळा भरली-संपली याकडे, आणि ऑइल बदलल्याच्या तारखांकडे बघावं. टेस्ट ड्राइव्ह दोनदा घ्यावी, एकदा बॅटरी भरलेली असताना आणि एकदा पूर्ण संपलेली असताना, कारण विकणारा गाडी नेहमी पूर्ण चार्ज करूनच दाखवतो.